फूट-इंचात न मावणारं पाणी

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की चहा सांगायच्या आधी प्रश्न येतो, "किती झालं?" कशाचं किती, हे कुणी विचारत नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फुटांवर गेली, हे विचारलेलं असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ज्यांना आकडे नको असतात त्यांच्याकडे शहराच्याच खुणा आहेत. घाटावरची देवळं बुडाली, पाणी जामदार क्लबजवळ आलं, गायकवाड वाड्यापाशी रस्ता बंद झाला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलं. आणि "व्हीनसला पाणी आलंय", म्हणजे व्हीनस कॉर्नरच्या चौकात, असं कुणी म्हटलं की मग मात्र बोलणं थांबतं आणि सामान माळ्यावर चढवायला सुरुवात होते.

२०१९ च्या ऑगस्टात ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्याही पुढे. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडी वेढली गेली. घरं पडली, जनावरं दगावली. त्या दिवसांतलं काहीही मला हलकं करून सांगायचं नाही. पण एक गोष्ट मला पुन्हापुन्हा जाणवते. पंचगंगा ही तशी सांगून येणारी नदी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाचजणी मिळून ती प्रयाग चिखलीपासून पुढे निघते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत सपाट रानातून वळणं घेत जाते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला फूग येते आणि पाणी पुढं सरकायच्या ऐवजी शिवारात पसरतं. ते इंचाइंचानं चढतं. बातम्या येतात, भोंगा होतो, ग्रुपवर तासातासाला आकडा पडतो. ज्यांच्या नशिबी घर सोडणं आलं त्यांतल्या बहुतेकांना म्हशी सोडायला तरी वेळ मिळतो.

या सवयीमुळे आम्हा कोल्हापूरकरांना असं वाटायला लागलंय की पाण्याला पट्टी असते, आणि पट्टीवरचा आकडा कमी असला की नदी घरातलीच. माझी तक्रार या समजुतीबद्दल आहे. ज्या पाण्याला पट्टी नाही, ज्याची बातमी होत नाही, जे पावसाळ्यात असतंच असं नाही आणि हिवाळ्यात असणारच नाही असं आपण धरून चालतो, त्या पाण्यानं जास्त माणसं बेसावध गाठली आहेत असं मला वाटतं. म्हणजे ओढे. आणि म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पडणारा अवकाळी.

ओढ्याचं आधी सांगते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेच्या पट्ट्यात पाऊस किती आणि कसा पडतो हे तिकडे राहिल्याशिवाय कळत नाही. डोंगर उभा, माती धरून भिजलेली, खाली कातळ. वर अर्धा तास जोराचा झाला की तो सगळा पाऊस एका अरुंद घळीत गोळा होतो आणि खाली येतो. खाली कदाचित ऊन पडलेलं असतं. राऊतवाडीला, बर्कीला धबधबा बघायला गेलेल्या माणसाला डोक्यावरचं आभाळ दिसतं, डोंगरामागचं दिसत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती पोहायला उतरलेली नव्हती, पाण्यात नुसती उभी होती. घरच्या बायका-पोरांना घेऊन सहलीला आलेलं कुठलंही कुटुंब जसं उभं राहतं तशीच.

ओढ्याची उंची वाचायची एक सोपी युक्ती आहे, ती आमच्या माहेरी गुराख्यांची पोरंसुद्धा जाणतात. काठावरच्या करंजाच्या, उंबराच्या खालच्या फांद्या बघायच्या. त्यांना वाळलेलं गवत, उसाचा पाला, गोणपाटाची चिंधी, गुटख्याच्या पुड्या असं काहीतरी गुंडाळलेलं असतं. तो कचरा वाऱ्यानं अडकलेला नसतो. मागच्या पाण्यानं तो तिथं ठेवलाय. खाली घोटाभर पाणी खळखळत असताना तुमच्या डोक्याच्या वर असा पाला लटकलेला दिसला की कळतं, या जागी ओढा किती उंच होऊ शकतो. पोरांची चटई अंथरताना मी आधी त्या फांद्या बघते. माझी नणंद म्हणते, "वहिनी, तुम्ही सहलीला येताय का पंचनाम्याला?" म्हणू दे.

बाकीच्या खुणाही अंगवळणी पडायला हव्यात. निवळ पाणी एकाएकी तांबडं होणं. पाण्यावर काटक्या, पानं, फेस दिसायला लागणं. आवाज बदलणं, म्हणजे खळखळ जाऊन घरघर सुरू होणं. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे पाणी अचानक कमी होणं. पोरांना त्याचा आनंद होतो. पण भर पावसात ओढा आटला, तर वर कुठंतरी झाड नाहीतर दरड आडवी पडलेली असू शकते आणि त्यामागं पाणी साठत असतं. यांतलं काहीही दिसलं तर चपला हुडकत बसायचं नाही. काठानं पळायचं नाही, चढाकडं जायचं. ओढ्याच्या दिशेनं पळून ओढ्याला कुणी हरवलेलं नाही.

शहरातही हेच आहे, फक्त आपण त्याला नाला म्हणतो. कळंब्याकडून येणारा जयंती नाला वर्षभर काळा आणि मुका असतो, जाताना नाकाला रुमाल लावण्यापलीकडं त्याची कुणी दखल घेत नाही. पण पंचगंगेचा आकडा तीसच्या खाली असतानाही तासाभराच्या वळवात तो काठ सोडतो. राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीला ते कळतही नाही. परीख पुलाखाली साठलेल्या पाण्यात स्कूटर घालायची की नाही, हे ठरवायला तिथं कुणी इशारा पातळी रंगवून ठेवलेली नसते.

आता हिवाळ्याकडं येते, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

आमच्याकडे हिवाळा कोरडा असतो हे खरं. पण अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, वरून पूर्वेचे वारे आले, की नोव्हेंबर-डिसेंबरात दोन दिवस आभाळ फाटतं. डिसेंबर २०२१ च्या पहिल्याच दोन दिवसांत असं झालं होतं. पुणे जिल्ह्यात त्या पावसात आणि गारठ्यात मेंढ्यांचे कळपच्या कळप दगावले. तमिळनाडूत तर पावसाचा मुख्य हंगामच ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. तिथं २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदीनं चेन्नई बुडवली, आणि तळ्यातून सोडलेलं पाणी झोपेतल्या माणसांच्या उशाशी आलं. तिथल्या माणसाला डिसेंबर म्हटलं की छत्री आठवते. आपल्याला आठवतो तो हुरडा, गुऱ्हाळ आणि त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर लागणाऱ्या पणत्या. म्हणून आपली तयारी शून्य असते.

आणि नदीकाठची स्थिती बघा. पावसाळ्यात काठ रिकामा असतो. मे अखेरीला मोटरी वर काढलेल्या असतात, पायपा सोडवलेल्या असतात, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवलेले असतात. नदी येते तेव्हा आपण तिथं नसतो. दिवाळी झाली की सगळं उलटं होतं. आमच्या जिल्ह्याच्या नावानंच ओळखले जाणारे ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आठवा. दगडी खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन रांगा बसवायच्या, मधल्या पोकळीत माती ठासायची, की नदी तुंबून मागं मैलोन्‌मैल उभी राहते. हिरवट, गप्प, वर जलपर्णी. त्या पाण्याच्या कडेनं अख्खा उद्योग मांडलेला असतो. मोटरी, स्टार्टरच्या पेट्या, वीटभट्ट्यांवरच्या कच्च्या विटांच्या रांगा, काठच्या गाळाच्या रानातला भाजीपाला, धुणं, गुरं, आणि बंधाऱ्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर. नदी आधीच काठोकाठ भरलेली. अशा वेळी वरून चार-पाच फूट पाणी आलं तर त्याला जायला जागा नसते. बरगे वेळेवर निघत नाहीत, कारण मागून पाण्याचा दाब बसलेला असतो, आणि ते काढायला माणसाला त्याच खांबांवर आकडी घेऊन उभं राहावं लागतं. मग पाणी बंधाऱ्यावरून जातं, किंवा बाजूचा मातीचा भराव खात वाट काढतं. पट्टीवर आकडा वीसच्या आसपास. बातमी नाही. पण ज्याची मोटर खाली आहे त्याच्यासाठी तो महापूरच असतो.

माझं माहेर भोगावतीकाठचं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, यांची सात-आठ शेतकऱ्यांत मिळून एक मोटर आहे आणि एक स्वतःची. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीचा आठवडा असला की तात्या जेवून, कानटोपी घालून, बॅटरी घेऊन बाराच्या सुमाराला नदीवर जाणार हे ठरलेलं. अवकाळीत माणसं नदीवर का जातात, याचं उत्तर मला त्यांच्याकडं बघून मिळालं. सुरक्षिततेच्या सगळ्या फलकांवर "नदीकाठी जाऊ नका" असं लिहिलेलं असतं. ते सेल्फीवाल्या पोरांना धरून लिहिलेलं असतं. काठावर ज्याची तीस-चाळीस हजारांची वस्तू उभी आहे, तो माणूस गंमत म्हणून गेलेला नसतो. त्याला जाऊ नका म्हणणं सोपं, आणि तो ऐकत नाही म्हणून त्याला वेडा ठरवणं त्याहून सोपं.

तात्यांची व्यवस्था मात्र बघण्यासारखी आहे. काठाला दगड रचून केलेल्या पायऱ्या आहेत, वेड्यावाकड्या. मोटर खालच्या बाजूला लाकडी गाड्यावर बसवलेली. गाड्याला नायलॉनचा दोर, आणि तो दोर वर जांभळीच्या बुंध्याला नेऊन बांधलेला. बुंध्याला दोरानं पडलेली खाच आता बोटभर खोल आहे. मोटर काढायची ती वरून, दोर ओढून. खाली उतरून खांदा लावायचा नाही. आणि पाणी दुसऱ्या पायरीवर आलं असेल तर दोराला हातही लावायचा नाही, कारण ओढताना पाय सुटला तर माणूस उताराला लागतो. स्टार्टरची पेटी पहिल्यांदा काठाजवळ होती, ती त्यांनी वर, पूररेषेच्या बाहेर नेली. केबलला जास्तीचे पैसे गेले, त्यावर भावकीत बोलणीही झाली.

एका डिसेंबरात मी माहेरी असतानाच पाऊस आला. संध्याकाळी भुरभुर, आठला सरी, दहाला पत्र्यावर असा की बोललेलं ऐकू येईना. तात्या पोत्याची खोळ घेऊन निघाले, बरोबर माझा भाऊ. तासाभरात दोघं परत आले. दुसरी पायरी बुडाली होती. आणि वरच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीची, लाईट चालूच होती, वायरमन फोन उचलत नव्हता. पाण्यात मोटर आणि वायरीत वीज, अशा ठिकाणी ते थांबलेच नाहीत. काकी म्हणाली, "बरं झालं." तात्या काही बोलले नाहीत. पण पुढं महिनाभर ते बोलतच होते. रिवाइंडिंगवाल्याकडं रांग होती, कारण नदीकाठच्या सगळ्यांच्याच मोटरी बुडाल्या होत्या. बेअरिंग गेलं, फूटव्हॉल्व्ह गाळानं भरला, गव्हाला पाणी उशिरा मिळालं. प्रत्येक खर्चाला ते "त्या रात्री अजून धा मिनिटं आधी गेलो असतो तर" असं म्हणायचे. परत फिरण्याचं कौतुक घरात कुणी केलं नाही, त्यांनी स्वतः तर नाहीच. मला तेव्हापासून वाटतं, की मागं फिरलेल्या माणसाला घरात आणि गावात काय ऐकावं लागतं, यावर पुढच्या खेपेला तो फिरेल की नाही हे अवलंबून असतं.

त्याच २०२१ च्या डिसेंबरात, अगदी वर्ष संपता संपता, राधानगरी धरणाचा एक दरवाजा तांत्रिक काम चालू असताना उघडा राहून अडकला आणि पाणी भोगावतीत सुटलं. आभाळ स्वच्छ होतं. पाऊस नाही, वारा नाही, थंडीचं कोवळं ऊन, आणि नदी चढतेय. काठच्या गावांना सावध केलं गेलं, पुढं दरवाजा बंदही झाला. पण नदीला चढायला पाऊसच लागतो असं नाही, हे त्या दिवशी आमच्या खोऱ्यातल्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण एरवी त्याच्या सात स्वयंचलित दरवाज्यांसाठी ओळखलं जातं. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात, माणसाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी जातं. क्युसेक म्हणजे काय हे बातमीत कधी सांगत नाहीत. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. हिशेब केला तर एका दरवाज्यातून सेकंदाला चाळीस हजार लिटर, म्हणजे पाण्याचे दहा हजारी चार टँकर, दर सेकंदाला, थांबता न थांबता. "राधानगरीचे दोन दरवाजे उघडले" हे वाचून पान उलटणाऱ्यानं एकदा हे डोळ्यांसमोर आणावं. आणि हे पाणी खालच्या गावात पोचायला काही तास लागतात, त्या तासांतच मोटर, गुरं, धुणं आवरायचं असतं.

पाण्याच्या जोराबद्दल आपले अंदाज फार चुकतात. जोरात वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाचे पाय काढतं. फूटभर पाण्यात लहान गाडी उचलली जाते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून काल ज्या फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, बुलेट गेली तिथूनच आज, तेवढ्याच खोलीतून, जाईलच असं नाही. आणि आमच्याकडच्या फरश्यांना, बंधाऱ्यांना कठडे नसतात. गढूळ पाण्याखाली रस्त्याची कडा कुठं संपली, मधला भराव खचलाय का, हे वरून दिसत नाही. आपल्या पोरांचा मात्र त्या वेळचा ठरलेला संवाद असतो, "चल की लेका, जातंय की!" पलीकडच्या काठावर मोबाईल धरून उभा असलेला मित्र हा या जिल्ह्यातला सगळ्यात धोकादायक प्राणी आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बंधाऱ्याबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण ते पोहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथं खालच्या अंगाला पांढरा फेस उसळत असतो. बघायला छान. पण पडणारं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि वर आलेलं पाणी परत बंधाऱ्याकडेच खेचलं जातं. म्हणजे ते जागच्या जागी फिरत राहतं. त्यात सापडलेलं लाकूड तासन्‌तास तिथंच गरगरताना मी बघितलंय. फेसात हवा जास्त, म्हणून अंग तरंगत नाही. रंकाळ्यात लहानपणापासून पोहलेला, शिवाजी पुलावरून सूर मारणारा, मुटके टाकून पोरींना भिजवणारा गडीही तिथं बाहेर येईल याची खात्री नाही. हिवाळ्यात बरगे घातलेले असताना हा पडाव उंच असतो, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

कुणी वाहून जात असेल तर आपला पहिला आवेग उडी मारायचा असतो. तो चांगुलपणाचाच आवेग आहे, आणि त्यातच एकाच्या जागी दोन-तीन जीव जातात. उडी न मारता करण्यासारखं बरंच असतं. दोर, कासरा, साडी, लांब बांबू, ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं, आणि फेकताना आपण झोपून नाहीतर झाडाला धरून राहायचं. एकानं ओरडून माणसाला दिशा सांगायची, एकानं ११२ ला किंवा जिल्ह्याच्या १०७७ ला फोन लावायचा. आणि आपणच पडलो तर? उभं राहायची धडपड करायची नाही, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला तसंच वाकवून दाबतं. पाठीवर व्हायचं, पाय पुढं, प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे दगड आला तर तळव्यांनी झेलता येतो. धारेशी भांडायचं नाही, तिरकं तिरकं काठाकडं सरकायचं. मधे झुडपांची जाळी आडवी आली तर मात्र पोटावर वळून तिच्यावर चढायची धडपड करायची, तिच्याखाली जायचं नाही.

बोटीचंही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. ती माणसं काही धाडस करत नव्हती, गाव सोडून सुरक्षित जागी निघाली होती. जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय बोटीत पाय नाही आणि क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त नाही, हे घाबरलेल्या गर्दीला त्या क्षणी सांगणं अवघड असतं. ते गणेशोत्सवाच्या मंडळात, तालमीत, ग्रामसभेत आधीच बोलून ठेवायला लागतं.

श्रद्धेच्या जागी तर हे सांगणं अजूनच नाजूक. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हा दत्ताच्या पादुकांवरून आलेलं पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्यात स्नानाला लोक लांबून येतात. चढता सोहळा, उतरता सोहळा असे त्याचे प्रकार आहेत. माझी आजी म्हणायची, वाडीच्या लोकांच्या मागं उभं राहा, त्यांना पायरी ठाऊक असते. मला यापेक्षा चांगली सूचना अजून कुणी दिलेली नाही.

आता उरले ते लोक, ज्यांना पायरीही ठाऊक नसते आणि पट्टीही. ऊसतोडीला आलेली माणसं. बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात त्या दिवाळीच्या आगेमागे. ओढा तेव्हा कोरडा नाहीतर घोटाभर. पाण्याची सोय हवी म्हणून खोपी ओढ्याच्या नाहीतर नदीच्या अंगालाच पडतात. जागा सपाट, मऊ आणि फुकट असते. ती सपाट आणि मऊ कशामुळं झाली हे गावातलं शेंबडं पोर सांगेल, पण त्यांना कुणी सांगत नाही. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोपीत बाई, गडी, तान्हं मूल, बाहेर बैल. पहाटे तीनला उठून कोयता घेणारी माणसं रात्री मेल्यासारखी झोपतात. तेव्हा अवकाळी आला आणि ओढा फुगला, तर त्यांना जाग येते ती अंथरूण भिजल्यावर. वाचले तरी भिजल्या कपड्यांनी डिसेंबरची रात्र काढायची. पाण्यात अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटीनं वेगानं निघून जाते, लहान मुलाची तर आधी. अशा वेळी पहिलं काम ओले कपडे काढून कोरडं काहीतरी, गोणपाट का असेना, गुंडाळणं. शेक नंतर, चहा नंतर.

मागच्या हंगामात भावाच्या रानाजवळ टोळी उतरली. खोपी घालायच्या तयारीत होते, अगदी ओढ्याच्या वळणावर, जिथं करंजाच्या फांद्यांना माझ्या खांद्याइतक्या उंचीवर पाला लटकलेला होता. मी मुकादमाला तो दाखवला. तो हसला. "ताई, दोन महिन्यांत कुठला आलाय पाऊस?" मी डिसेंबर २०२१ सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, हलला नाही. चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, सांगितलं, तो म्हणाला जागेचं शेतकऱ्यानं बघायचं. शेतकरी, म्हणजे माझा भाऊच, म्हणाला वर शाळेच्या मागच्या रानात खोपी घातल्या तर हरभऱ्याची वाट लागेल. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. शेवटी तात्या आले. त्यांनी पावसाचं नाव काढलं नाही. टोळीतल्या बायकांना म्हणाले, ओढ्याचं पाणी कारखान्याच्या मळीनं वास मारतंय, पोरांना जुलाब लागतील, वर शाळेच्या मागं ग्रामपंचायतीचा नळ आहे, सकाळी दोन तास येतो. बायकांनी आपापसांत काहीतरी बोलून घेतलं, आणि मुकादमाला न विचारताच पाचटाचे भारे डोक्यावर घेऊन चढाला लागल्या. हरभऱ्याच्या नुकसानीवरून भाऊ आणि तात्या यांच्यात आठवडाभर अबोला होता.

त्या हंगामात पाऊस आला नाही. यंदाही टोळी तिथंच, शाळेच्या मागं उतरलीय. नळासाठी.